जुन्या घरासोबत आलेला हॉट टब: पाणी भरण्याआधी आणि भरल्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत घेतलेल्या घराच्या मागच्या डेकवर आधीच्या मालकाचा सहाजणांचा हॉट टब आहे. कागदपत्रं काहीच नाहीत, वर्षभर तो बंद पडून आहे. घरात चार वर्षांचा मुलगा. मे महिन्यात आईवडील येणार, वडलांना बीपी आणि मधुमेह. डिसेंबरात सगळे पाच आठवडे भारतात जाणार. टब सुरू करावा का, आणि कसा?

सुरू करता येईल, पण या शनिवारी नको. आधी एक हिशोब बघा. घरगुती स्विमिंग पूलमध्ये साधारण २०,००० गॅलन पाणी असतं, तुमच्या टबमध्ये ४०० गॅलन, म्हणजे जवळपास १,५०० लिटर. टबमध्ये चौघं बसले की पाण्यावर घाम, तेल आणि त्वचेचा जो भार येतो, तो पूलमध्ये एकदम २०० माणसं उतरल्यासारखा असतो. वर ते पाणी ४० अंशांचं. क्लोरीन झपाट्याने संपतं, जंतूंना उबदार घर मिळतं आणि शरीराला उष्णता बाहेर टाकायला वाट उरत नाही. पुढचे सगळे नियम यातूनच येतात.

पहिलं काम विजेचं. टबला स्वतंत्र २४० व्होल्टची, बहुधा ५० अँपिअरची लाइन असते आणि तिच्यावर जीएफसीआय ब्रेकर, म्हणजे वीज थोडी जरी गळली तरी लगेच पडणारा ब्रेकर. सर्रास दिसणारी मांडणी म्हणजे घराच्या मुख्य पॅनलमध्ये साधा ब्रेकर आणि टबजवळच्या भिंतीवर छोट्या राखाडी डब्यात जीएफसीआय. हा डबा टबपासून नजरेच्या टप्प्यात हवा, पण पाण्याच्या कडेपासून निदान ५ फूट लांब, म्हणजे पाण्यात बसलेल्याचा हात तिथे पोचता कामा नये. टबच्या कडेपासून ६ फुटांच्या आत कुठलाही सॉकेट नको आणि डोक्यावरून वायर गेलेली नको. ब्रेकरवरचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडून टब पूर्ण बंद झाला पाहिजे. नाही पडला, किंवा तसं बटण असलेला ब्रेकर कुठेच सापडला नाही, तर पुढचं काही करू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. चांगला निघाला तरी ही चाचणी दर महिन्याला करायची.

इथे एक नेहमीची चूक सांगतो, कारण जुन्या टबमध्ये ती हमखास सापडते. जीएफसीआय वारंवार पडतो म्हणून कोणीतरी तो काढून साधा ब्रेकर बसवून दिलेला असतो. टब लगेच छान चालायला लागतो. पण तो ब्रेकर उगाच पडत नव्हता. हीटरच्या एलिमेंटवरचं धातूचं आवरण गंजून फुटलं की वीज पाण्यात झिरपायला लागते. जीएफसीआय साधारण ५ मिलिअँपिअर गळतीला पडतो, साध्या ब्रेकरला ५० अँपिअर ओलांडेपर्यंत पत्ताही लागत नाही. पडण्याची कारणं साधारण या क्रमाने शोधावीत: हीटर, मग ओझोनेटर (पाण्यात जंतुनाशक ओझोन वायू सोडणारं यंत्र), मग पंपाच्या सीलमधून मोटरवर ठिबकणारं पाणी. इलेक्ट्रिशियन वीज पूर्ण तोडून, मीटरने खात्री करून हीटरच्या दोन्ही तारा सोडवतो आणि पुन्हा वीज देऊन बघतो. ब्रेकर टिकला तर दोष हीटरचाच. ब्रेकर नवीन असून पहिल्या क्षणीच पडत असेल तर न्यूट्रल तपासायला सांगा. टबकडून आलेला न्यूट्रल ब्रेकरच्या स्क्रूवर जायला हवा आणि ब्रेकरची पांढरी गुंडाळीची तार न्यूट्रल बारवर. ही अदलाबदल फार वेळा झालेली असते.

मग डेक. भरलेला टब आणि सहा माणसं मिळून सव्वादोन ते अडीच टन होतात. सात फूट बाय सात फूट जागेवर हा भार दर चौरस फुटाला १०० पौंडांच्या वर जातो. घराचा साधा लाकडी डेक ४० पौंडांच्या हिशोबाने बांधलेला असतो. टबखाली स्वतंत्र खांब आणि तुळया दिसत नसतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाणी भरू नका. टब जमिनीवर असता तर ४ इंचांचा सपाट काँक्रीट स्लॅब पुरला असता. हेच गणित पुण्यात किंवा लोणावळ्यात बंगल्याच्या गच्चीवर जकुझी बसवणाऱ्यांनाही लागू आहे. आपल्याकडच्या गच्च्या दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापरभाराच्या हिशोबाने असतात आणि टबचा भार ५०० किलोंच्या पुढे जातो. ठेकेदाराने "काही होत नाही साहेब" म्हटलं तरी आरसीसी कन्सल्टंटचा लेखी हिशोब घ्या.

आता टबच्या आत वाका आणि पायाशी असलेल्या सक्शनच्या, म्हणजे पाणी पंपाकडे ओढणाऱ्या तोंडांवरच्या जाळ्या बघा. २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनच्या ओढीत अडकून बुडाली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्याच नावाचा कायदा २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने केला आणि अडकू न देणाऱ्या जाळ्या सक्तीच्या झाल्या. अशा जाळीवर किती प्रवाहाला ती चालते आणि किती वर्षं टिकते, हे छापलेलं असतं. जाळी फुटलेली, सैल किंवा मुदत संपलेली असेल तर त्याच मापाची नवी आणून आणि तिच्यासोबत आलेले स्क्रू लावूनच पंप सुरू करायचा. एक जाळी बंद झाली तरी ओढ दुसरीकडून वाटली जावी म्हणून सक्शन दोन किंवा जास्त असतात, त्यामुळे त्यांतली एकही झाकली जाता कामा नये. लांब केस सुटे सोडून टबमध्ये डोकं खाली घालणं, ओढणी किंवा गाऊन घालून बसणं, हे म्हणूनच बंद. केसांचा घट्ट अंबाडा आणि अंगासरशी पोहण्याचे कपडे.

मुलासाठी कव्हर हा खरा बंदोबस्त आहे. कव्हरच्या चारही पट्ट्यांना कुलूप लागतं का ते बघा आणि लेबलवर एएसटीएम एफ १३४६ हे सुरक्षित कव्हरचं मानक लिहिलेलं आहे का तेही. कव्हर उचलताना दोघांची दमछाक होत असेल तर आतल्या फोममध्ये पाणी शिरलं आहे. तसं कव्हर मधोमध खचतं, वर पावसाचं तळं साचतं आणि ते तळंही लहान मुलाला धोक्याचं. नवं घ्या. कुंपण किती उंच लागतं हे टाउनशिपच्या बांधकाम खात्याला विचारा, आणि घराच्या विमा कंपनीला टबबद्दल कळवा. न कळवलेला टब अपघातानंतर निघाला तर दावा अडकू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना हॉट टबमध्ये घेऊच नये असं सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था, सांगते, म्हणजे तुमचा मुलगा अजून एक वर्ष तरी बाहेर.

हे सगळं नीट निघालं तर सफाई. वर्षभर पडून राहिलेल्या टबच्या पाइपांमध्ये आतून बुळबुळीत थर धरलेला असतो. तो दिसत नाही, पण जेट सुरू केले की तपकिरी पापुद्रे वर येतात. जुने फिल्टर फेकून द्या, धुवून वापरायच्या फंदात पडू नका. साध्या नळाच्या पाण्याने टब भरून पाइपसफाईचं औषध टाका, अर्धा लिटर साधं ब्लीच घाला, म्हणजे सुमारे २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) क्लोरीन होईल. कव्हर उघडं ठेवून सगळे जेट अर्धा तास चालवा आणि वर येणारी साय पुसत राहा. ती यायची थांबेपर्यंत हे करायचं. मग रिकामा करा, तळातलं पाणी शॉप-व्हॅकने (पाणीही ओढणारा व्हॅक्यूम) ओढून घ्या, पुसा. जिरवण्यासाठी पाणी सोडायचं तर क्लोरीन शून्यावर आल्यावर आणि हिरवळीवर. रस्त्याच्या पावसाळी गटारात सोडणं बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध आहे.

पुन्हा भरताना नळी टबमध्ये न टाकता फिल्टरच्या खड्ड्यात टाका. पाणी पाइपांतून वर चढतं आणि अडकलेली हवा बाहेर पडते. तरी पंप घरघरतोय, पाणी हलत नाही आणि स्क्रीनवर एफएलओ असं काही दिसतं, तर हवा अडकली आहे. वीज बंद करा, पंपाच्या वरचा मोठा प्लास्टिकचा आटे असलेला जोड हाताने पाव फेरा सैल करा, फुसफुस थांबून पाणी ठिबकायला लागलं की पुन्हा आवळा. तोच संदेश काही महिन्यांनी आला तर फिल्टर काढून टब मिनिटभर चालवून बघा. संदेश गेला तर फिल्टर तुंबलेला आहे. ओएचएच दिसलं तर हीटरमधलं पाणी ११८ फॅरनहाइटच्या आसपास गेलेलं असतं. पाण्यात हातही घालू नका, कव्हर उघडून थंड होऊ द्या आणि प्रवाह का थांबला ते शोधा. १५ अंशांचं पाणी ४० वर न्यायला ५.५ किलोवॉटच्या हीटरला आठ तास लागतात, तेव्हा तीन तासांत गरम झालं नाही म्हणून तक्रार करू नका. साध्या सॉकेटवर चालणाऱ्या दीड किलोवॉटच्या टबला तर सव्वा दिवस लागतो.

आता रसायनं. सीडीसीच्या हिशोबाने हॉट टबमध्ये मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम, ब्रोमीन वापरत असाल तर ४ ते ८, आणि पीएच ७.० ते ७.८. क्लोरीन १० च्या वर असताना आत जायचं नाही. दुकानदार सहसा डायक्लोर या क्लोरीनच्या प्रकाराची पूड देतो. १,५०० लिटरला ८ ग्रॅम टाकली की ३ पीपीएम चढतं, वापरायला सोपी. अडचण अशी की तिच्यातून सायन्युरिक आम्लही येतं आणि ते उडून जात नाही. एकूण ९५ ते १०० ग्रॅम डायक्लोर टबमध्ये पडलं की सायन्युरिक ३० पीपीएमच्या आसपास पोचतं, पुढे वाढतच जातं आणि क्लोरीनची मारक्षमता कमी करत नेतं. चाचणीत ३ दिसतं, पण ते ३ कामाचं नसतं. हॉट टबमध्ये सायन्युरिक असलेली उत्पादनं नकोतच, असा सीडीसीचा सल्ला आहे. अनेकजण पहिले काही दिवस डायक्लोर आणि नंतर ब्लीच असा मधला मार्ग घेतात. घरात वयस्कर माणसं असणार असतील तर सुरुवातीपासून ब्लीचच बरं.

ब्लीच म्हणजे बिनवासाचं, साधं, ६ ते ७.५ टक्क्यांचं. बाटलीवर स्प्लॅशलेस लिहिलेलं नको, त्यातल्या घट्ट करणाऱ्या द्रव्यामुळे फेस येतो. तुमच्या टबमध्ये ६ टक्क्यांच्या ब्लीचचे २५ मिली म्हणजे १ पीपीएम. ७.५ टक्क्यांचं असेल तर २० मिली. एका माणसाने एक तास बसलं की सुमारे ९ ग्रॅम क्लोरीन खर्च होतं, म्हणजे ६ टक्क्यांचं १५० मिली ब्लीच. चौघं अर्धा तास बसले तर ३०० मिली. हे बसण्याआधी टाकायचं नाही, बाहेर आल्यावर टाकायचं. जेट सुरू, हवेच्या नळ्या उघड्या, कव्हर वीस मिनिटं उघडं. लगेच झाकलं तर वायू कव्हरचा आतला पडदा आणि उशा खातो. दुसऱ्या दिवशी बसण्याआधी मोजा. ३ च्या वर असेल तर मात्रा जुळली, शून्य असेल तर रात्रीचा डोस कमी पडला.

मोजण्यासाठी पट्ट्या स्वस्त आहेत, पण ओल्या हाताने डबी उघडली की आठवड्यात निकामी होतात. टेलर के-२००६ सारखा थेंबांचा किट घ्या. साध्या गुलाबी रंगाच्या चाचणीत एक फसगत असते: क्लोरीन खूप जास्त असेल तर रंग लगेच उडून जातो आणि नमुना रंगहीन दिसतो. माणूस समजतो शून्य आहे आणि अजून ओततो. थेंब मोजून गुलाबी रंग घालवण्याच्या पद्धतीत हा घोळ होत नाही. आणखी एक: टबला उग्र क्लोरीनचा वास येत असेल तर क्लोरीन जास्त झालं असं समजू नका. बहुतेक वेळा तो घाम-लघवीशी जोडल्या गेलेल्या, अर्धमेल्या क्लोरीनचा असतो, आणि त्याला आणखी क्लोरीन लागतं.

ब्लीच वापरताना पीएच सारखा चढतो असं वाटेल. दोष ब्लीचचा कमी, बुडबुड्यांचा जास्त: हवा मिसळली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. म्हणून क्षारता (पीएच धरून ठेवणाऱ्या क्षारांचं प्रमाण) १२० पीपीएमवर न ठेवता ५० ते ८० वर ठेवा, चढ मंदावतो. क्षारता १० पीपीएम वाढवायला २५ ग्रॅम खाण्याचा सोडा, पीएच उतरवायला सोडियम बायसल्फेटची पूड चिमूट-चिमूट. कॅल्शियम १५० पीपीएमच्या खाली गेलं की फेस लवकर येतो.

पूलच्या ट्रायक्लोरच्या गोळ्या टबमध्ये कधीच टाकू नका. त्यांचं द्रावण इतकं आम्ल असतं की ॲक्रिलिक, हीटर आणि सील खराब होतात. डायक्लोर किंवा ट्रायक्लोरला लागलेला चमचा कॅल्शियम हायपोक्लोराइट या दुसऱ्या क्लोरीनच्या पुडीच्या डब्यात गेला तर पेट घेऊ शकतो. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू. प्रत्येक डब्याला वेगळा चमचा, एक टाकल्यावर जेट दहा मिनिटं चालू देऊन मग दुसरं, आणि नेहमी पाण्यात रसायन टाकायचं, रसायनावर पाणी नाही.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. लिजिओनेला जंतू २५ ते ४५ अंशांत वाढतो, म्हणजे टबचं पाणी त्याला अगदी मानवतं. बुडबुड्यांच्या तुषारांतून तो फुप्फुसात जातो, टबमध्ये उतरावंही लागत नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल इथल्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या टबमुळे तीसहून जास्त माणसं दगावली. २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका जत्रेतही विक्रीसाठी चालू ठेवलेल्या टबांनी हाच प्रकार केला. पन्नाशीपुढचे, सिगारेट ओढणारे, मधुमेही आणि फुप्फुसाचे जुने विकार असलेले यांना धोका जास्त. टब वापरल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, दम लागला तर डॉक्टरांना टबबद्दल आवर्जून सांगा. कमी गंभीर पण जास्त वेळा दिसणारा प्रकार म्हणजे स्यूडोमोनस या जंतूचं पुरळ: एक-दोन दिवसांत केसांच्या मुळाशी लाल, खाजरे फोड, विशेषतः पोहण्याच्या कपड्याखाली. बहुतेकांचं आपोआप जातं. लोक त्याला रसायनाची ॲलर्जी समजून क्लोरीन कमी करतात आणि प्रकरण वाढवतात. ओझोन आणि यूव्ही पाइपमधून जाणारं पाणी सुधारतात, पण तुम्ही बसता त्या पाण्यात जंतू मारणारं काही शिल्लक ठेवत नाहीत, त्यामुळे क्लोरीनला पर्याय नाहीत.

आईवडलांचं. कमाल १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअस, ही तरुण निरोगी माणसाची मर्यादा आहे, रोजचं तापमान नव्हे. त्या पाण्यात घाम सुटतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीराचं तापमान चढत जातं. रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतो, आणि झटकन उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी येते. बीपीच्या गोळ्या आणि प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या यात भर घालतात. वडलांच्या डॉक्टरांना आधी विचारा. त्यांनी हो म्हटलं तर ९८ ते १०० फॅरनहाइट, दहा मिनिटं, छाती पाण्याबाहेर, शेजारी कोणीतरी, उठताना आधी दोन मिनिटं कडेवर बसायचं. इन्सुलिन घेत असतील तर गरम पाण्यात ते त्वचेखालून लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते. पायाची संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे हे त्यांना कळणारच नाही, तेव्हा थर्मामीटरवर विश्वास. जेवल्यावर लगेच नको, दारू घेतलेल्याने तर नकोच. गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टाळावं.

आईला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: डोक्याला खोबरेल आणि अंगाला तीळतेल लावून टबमध्ये यायचं नाही. दिवाळीच्या अभ्यंगानंतर शिकेकाई-साबणाने न्हाऊन, स्वच्छ धुवून आलं तर हरकत नाही. तेल पाण्यावर तवंग धरतं, फिल्टर चिकट होतो, रात्रीचं क्लोरीन तेच खाऊन टाकतं. चांदीचे पैंजण काढून ठेवा, क्लोरीनने काळे पडतात. फिल्टर आठवड्याला नळीच्या पाण्याने धुवा, महिन्याला फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर बुडवा. पाणी केव्हा बदलायचं याचं जुनं सूत्र: गॅलनला तीनने भागा, मग रोजच्या माणसांच्या संख्येने भागा. दोघं रोज बसत असाल तर ४०० गॅलनला ६६ दिवस. कमी वापर असला तरी तीन महिन्यांच्या पुढे नेऊ नका.

राहिला डिसेंबर. न्यू जर्सीच्या थंडीत टब एक तर चालू ठेवायचा, नाही तर नीट रिकामा करायचा, मधलं काही नाही. नुसतं पाणी सोडून ब्रेकर पाडला तर पाइपांच्या वळणांत उरलेलं पाणी गोठून ते फोडतं, आणि मार्चमध्ये कळतं. चालू ठेवायचा तर शेजाऱ्याकडे किल्ली द्या, वीज गेली का ते रोज बघायला आणि आठवड्यातून दोनदा ब्लीच टाकायला कोणी हवं. तसं माणूस नसेल तर रिकामा करणं उत्तम: पाणी काढा, शॉप-व्हॅक फुंकण्याच्या बाजूला लावून एकेका जेटमधून हवा मारा, पंप-हीटरचे जोड सैल करा, पंपाची ड्रेनची बुचं काढा, तळ पुसून कव्हर बांधा. खोल वळणांत पाणी राहिल्याची शंका असेल तर गुलाबी रंगाचं, आरव्हीसाठी (राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी) मिळणारं प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं द्रव, घाला. गाडीचं हिरवं इथिलीन ग्लायकॉलवालं विषारी असतं, ते टबमध्ये नको. जानेवारीत परतल्यावर जोड आवळून, भरून, पुन्हा २० पीपीएमची तीच सफाई करून ते पाणी सोडून द्या आणि मगच बसायचं पाणी भरा.